पडद्यावरचा काळोख, घरातला उजेड : टीव्हीच्या चित्राचा वाद कुठवर आला

पुणे परिसरात दूरदर्शन आले ते 1973 मध्ये, सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे. मुंबई केंद्र त्याच्या आदल्या वर्षी, 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले होते. तिथले कार्यक्रम गडावरून पुण्याच्या दिशेने पुढे सोडले जात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. म्हणून गड जिथून दिसतो तिथे चित्र स्वच्छ, आणि मध्ये डोंगर आला की पडद्यावर मुंग्या. पुण्याला लागून असलेला मुळशी तालुका म्हणजे डोंगर आणि खोरी. अशा मुलखात चित्राचा दर्जा ठरवणार ती बांबूला बांधलेली अँटेना आणि कौलावर चढून ती फिरवणारा मुलगा. संच कोणत्या कंपनीचा आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आज त्याच तालुक्यात दोन टोके आहेत. हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये 55 आणि 65 इंची ओएलईडी भिंतीवर चढतात. ताम्हिणीच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये 32 इंची एलईडी आणि दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री असते. पौड किंवा पिरंगूटच्या दुकानात दोन्हीकडचे गिऱ्हाईक येते आणि विचारते तेच : चित्र कुठल्या टीव्हीचे चांगले? जगभरचे अभियंते, समीक्षक आणि उत्पादक या प्रश्नावर दोन दशके वाद घालत आहेत. त्यातले काय ठरले आणि काय अजून लोंबकळते आहे, ते इथे पाहू.

नळी, प्लाझ्मा आणि बदललेली कसोटी

कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी 1897 मध्ये तयार केलेल्या कॅथोड किरण नळीवर टीव्हीने कित्येक दशके काढली. आपल्याकडे 625 रेषांची पाल पद्धत होती. 1982 मध्ये, एशियाडच्या वर्षी, राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झाले. तोवर, आणि पुढेही अनेक घरांत, कृष्णधवल संचापुढे निळी प्लास्टिकची काच लावून रंगाची हौस भागवली जाई. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना काढलेली व्हिडिओकॉन आणि मुंबईची ओनिडा ही नावे त्या नळीच्या जमान्यातच घराघरांत पोहोचली.

नळीचे दोन गुण पुढच्या तंत्रांना सहज साधले नाहीत. एक म्हणजे काळा रंग : इलेक्ट्रॉनचा मारा थांबला की तो भाग उजळतच नसे. दुसरा हालचालीचा. प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझत असल्यामुळे धावणारा माणूस फासटल्यासारखा दिसत नसे. दोष अर्थातच आकार, वजन आणि मंद लुकलुक हे होते.

प्लाझ्माचा शोध 1964 मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी लावला. घरात तो यायला नव्वदीचे दशक उजाडले. यातही प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो. 2007-08 चे पायोनियरचे ‘कुरो’ संच त्यांच्या काळ्या रंगासाठी जाणकार अजून आठवतात. पण पायोनियरने 2009 मध्ये टीव्हीचा धंदा सोडला, पॅनासोनिकने 2013 मध्ये प्लाझ्मा बंद करत असल्याचे जाहीर केले. वीज जास्त लागे, वजन जास्त भरे आणि दिव्यांनी लखलखणाऱ्या दुकानात शेजारच्या एलसीडीपुढे प्लाझ्मा निस्तेज दिसे. या शेवटच्या कारणापाशी थोडे थांबायला हवे. अंधाऱ्या खोलीत सरस असलेले चित्र उजेडात हरले, आणि गिऱ्हाइकाने निवड उजेडात केली. पुढचा सगळा वाद याच फटीतून वाहतो आहे.

उजेड मागून, की ठिपक्यातून

आज दुकानात नावे डझनभर असली, तरी घराणी दोनच आहेत.

पहिले एलसीडीचे. जॉर्ज हाइलमायर यांनी 1968 मध्ये आरसीए कंपनीत त्याचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. द्रवस्फटिक स्वतः उजळत नाहीत. मागे पांढरा दिवा असतो, आणि स्फटिक झडपेसारखे कमीजास्त उघडून उजेड पुढे सोडतात. आधी मागे बारीक ट्यूबलाइट असत, नंतर एलईडी आले. तेव्हा ज्याला आपण ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो एलसीडीच आहे, फक्त मागचा दिवा बदललेला. क्यूएलईडी म्हणजे त्याच उजेडाच्या वाटेवर क्वांटम डॉटचा, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, थर ठेवून रंग अधिक शुद्ध केलेला संच. या क्वांटम डॉटच्या शोधासाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मिनी-एलईडीत मागे हजारो बारीक दिवे असतात आणि ते गटागटाने मंद करता येतात; यालाच लोकल डिमिंग म्हणतात.

झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड पाझरतोच. म्हणून आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण साधारण 1000 ला 1 असते. व्हीए जातीत ते 3000 ते 5000 ला 1 पर्यंत जाते. पण व्हीए पॅनल बाजूने पाहिले की रंग फिकुटतात, आयपीएस तुलनेने टिकून राहतो. आपल्याकडे ही बाब परदेशी परीक्षणांत दिसते तेवढी किरकोळ नाही. एक जण दिवाणावर, दोन जमिनीवर, आजी दाराशी, आणि टीव्ही मुलांचा हात पोहोचू नये म्हणून दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर. सरळ समोर बसलेला असा कोणी नसतोच.

दुसरे घराणे ओएलईडीचे. कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनावर ते उभे आहे. एलजीने 2013 मध्ये 55 इंची संच बाजारात आणला. यात मागे दिवा नाही, प्रत्येक ठिपका आपापला उजळतो आणि पूर्ण विझतो. 2022 मध्ये सॅमसंग आणि सोनी यांनी क्यूडी-ओएलईडी आणले : निळ्या ओएलईडीचा उजेड क्वांटम डॉटमधून नेऊन लाल आणि हिरवा तयार करायचा. एलजीच्या मूळ रचनेत तीन रंगांसोबत एक पांढरा उपठिपकाही असतो. त्याने तेज वाढते, पण अतिशय उजळ भागात रंग धुतल्यासारखा होतो, असा आक्षेप आहे. बाजूने पाहिल्यावर दोन्ही जातींचे चित्र चांगले टिकते.

‘क्यूएलईडी’ आणि ‘ओएलईडी’ या नावांत एका अक्षराचा फरक आणि कामाच्या पद्धतीत जमीनअस्मानाचा. गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हावा अशीच ही रचना आहे, असे मला वाटते. लेबलावरही भांडणे होतात. 2024 मध्ये दक्षिण कोरियाच्या हन्सोल केमिकलने टीसीएलच्या काही क्यूएलईडी संचांत क्वांटम डॉट आढळत नसल्याचा दावा केला, टीसीएलने तो फेटाळला.

दोन्ही पक्षांचे म्हणणे

ओएलईडीच्या बाजूचे म्हणतात, की चित्राचा कस काळ्यात लागतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) घ्या. खऱ्या पावसाळ्यांत, ढगाळ आकाशाखाली, कंदिलाच्या उजेडात चित्रित झालेला, काही भाग सासवडच्या जुन्या वाड्यातला. त्यात पडद्याचा मोठा भाग काळोखात असतो आणि एका कोपऱ्यात ज्योत. साध्या एलईडीवर तो काळोख राखाडी होतो. लोकल डिमिंग असेल तर ज्योतीभोवती उजेडाचे वलय पसरते. 4के पडद्यावर 83 लाखांच्या आसपास ठिपके असतात. मागे दिव्यांचे 1000 गट धरले, तरी एका गटाच्या वाट्याला 8300 ठिपके आले. ज्योत त्यातल्या शंभरात मावते, बाकीचे 8200 उगाच उजळतात. न्यूयॉर्कमध्ये 2004 पासून होणाऱ्या तुलनात्मक स्पर्धेत तज्ज्ञ महागडे संच स्टुडिओच्या प्रमाण मॉनिटरशेजारी ठेवून पाहतात. अलीकडच्या वर्षांत तिथे ओएलईडी वरचढ राहिले आहेत.

मिनी-एलईडीच्या बाजूचे म्हणतात, की उजेडाचे खरे सामर्थ्य एचडीआरमध्ये, म्हणजे काळोखापासून लखलखाटापर्यंतचा मोठा पल्ला धरणाऱ्या चित्रात, दिसते. त्याच्या मूळ मानकात 10,000 निटपर्यंतची जागा ठेवली आहे. निट हे पडद्याच्या तेजाचे एकक. चांगले ओएलईडी आता छोट्या भागावर 2000 निट ओलांडतात. पण संपूर्ण पडदा उजळला, म्हणजे बर्फ, दुपारचे आकाश, कसोटी सामन्यातले मैदान, की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी त्यांचे तेज झपाट्याने खाली येते. मिनी-एलईडीचे तितके पडत नाही. शिवाय त्याच पैशात मोठा पडदा मिळतो.

दोघांचेही बरोबर आहे. प्रश्न आहे तो खोलीचा.

खोलीतला उजेड मोजला तर

थोडा हिशेब करू. दिवसा दार उघडे आहे, ऊन थेट येत नाही, अशा खोलीत पडद्यावर 200 लक्स उजेड पडतो असे धरा; लक्स हे पडणाऱ्या उजेडाचे एकक. त्यातला दीड टक्का पडद्यावरून विखरून परत आला, तर काळ्या भागावर जवळपास 1 निटची राखाडी साय चढते, मग संच कोणताही असो. आता 400 निट पांढरा देणारा ओएलईडी आणि 800 निट देणारा, 5000 ला 1 प्रमाणाचा व्हीए एलईडी शेजारी ठेवा. लोकल डिमिंग बाजूला ठेवू. ओएलईडीचे प्रत्यक्ष प्रमाण उरते सुमारे 420 ला 1, एलईडीचे सुमारे 720 ला 1. रात्री दिवे मालवा, उजेड 5 लक्सवर आणा. ओएलईडी जातो 16,000 ला 1 च्या पुढे, एलईडी थांबतो 4300 च्या आसपास. संच तेच, निकाल उलटा.

दोन्ही पडद्यांचे परावर्तन इथे सारखे धरले आहे. प्रत्यक्षात ते सारखे नसते. पूर्वीच्या क्यूडी-ओएलईडी पडद्यांवर बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवक नसल्याने दिवसा काळा रंग जांभळट दिसतो, ही तक्रार मोजमापांतही उतरली आहे. तरी हिशेबाची दिशा बदलत नाही. पडवीला लागून असलेली, दिवसभर दार उघडी राहणारी ओटीची खोली आणि बाराव्या मजल्यावरची जाड पडदे लावलेली बैठक यांना एकच ‘सर्वोत्तम टीव्ही’ सांगणे म्हणूनच निरर्थक आहे. बहुतेक परीक्षणे अंधाऱ्या खोलीतली मोजमापे आधी देतात. अंधारात आकडे स्थिर येतात, हे त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पण आपल्या घरांत टीव्ही अंधारात क्वचितच चालतो. मालिका बघताना जेवणही चाललेले असते.

ठिपके किती दिसतात

4के विरुद्ध फुल एचडी हा दुसरा वाद. जुना संकेत असा, की निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. त्यावरून 43 इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडे एकमेकांत मिसळतात, 55 इंचीचे सात फुटांच्या पलीकडे. आपल्याकडे बैठक साधारण दहा फुटांवर असते. म्हणजे 4के फुकट गेले, असे एक मत. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत मात्र मर्यादा बरीच वर निघाली : काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी एका अंशात 94 ठिपक्यांपर्यंत. तो आकडा घेतला, तर 43 इंचीसाठी अंतर पावणेनऊ फूट होते आणि 55 इंचीसाठी सव्वाअकरा. दहा फुटांवरून 43 इंचीत 4केचा लाभ दोन्ही हिशेबांनी नाही. 55 इंचीत जुन्या हिशेबाने नाही, नव्याने थोडा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या संचांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. मोठे पडदे आवाक्यात येऊ लागल्यामुळे हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

पण त्याआधी पाहायला हवे, की पडद्यावर येते काय. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत, म्हणजे 720 गुणिले 576 ठिपके. 4के पडद्यावर याच्या बरोबर वीसपट ठिपके असतात. वीस ठिपक्यांमागे एक खरा आणि एकोणीस संचाने अंदाजाने भरलेले. हा अंदाज कोणाचा किती चांगला, हे पॅनलवर ठरत नाही, आतल्या प्रोसेसरवर ठरते. सोनीची प्रतिष्ठा बरीचशी याच कामावर उभी आहे. स्वस्तातल्या मोठ्या 4के संचावर सह्याद्री वाहिनी जुन्या 21 इंची नळीच्या टीव्हीपेक्षा वाईट दिसते, ही अनेकांची तक्रार खरी असते, आणि तिचे कारण हे आहे. छोटा पडदा दोष झाकतो, मोठा उघडे पाडतो.

मुळशीत यात पावसाची भर पडते. डिशकडे उपग्रहावरून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, कारण थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. अँटेनाच्या काळात चित्र हळूहळू बिघडे, मुंग्यांतूनही माणूस ओळखू येई. डिजिटलमध्ये चित्र आधी चौकोनांत फुटते आणि मग एकदम जाते. ताम्हिणीच्या आषाढात संध्याकाळी सिग्नल गेल्यावर ओएलईडी आणि एलईडी दोन्ही सारखेच काळे.

हालचाल

क्रिकेट आणि कबड्डी पाहणाऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा, आणि गैरसमजही इथेच फार. ओएलईडीचा ठिपका डोळ्याचे पाते लवण्याआधीच बदलतो, म्हणून त्यावर हालचाल फासटत नाही असे विक्रेते सांगतात. अर्धेच खरे आहे. नळीसारखा तो क्षणभर चमकून विझत नाही, पुढचे चित्र येईपर्यंत तसाच राहतो. डोळा चेंडूमागे सरकत असतो, चित्र मात्र थांबलेले असते, आणि त्यातून फासटणे येते. सेकंदाला 50 चित्रे असतील आणि चेंडू एका सेकंदात 4के पडद्याची रुंदी पार करत असेल, तर एका चित्रातून दुसऱ्यात तो 77 ठिपक्यांची उडी घेतो. तेवढ्या वेळापुरते 4के कुठे राहिले?

यावर संच मधली चित्रे स्वतः बनवून घालतो. सामन्याला ते बरे. चित्रपटाला लावले, की सेकंदाला 24 चित्रांचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझ यांनी ही सोय बंद करण्याचे जाहीर आवाहन केले, 2019 मध्ये ती बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. आईवडिलांना मात्र गुळगुळीत चित्रच आवडते, असा अनुभव अनेक घरांत येतो. दिग्दर्शकाचा हेतू मोठा की पाहणाऱ्याची आवड, हे कोणतेही यंत्र मोजून सांगणार नाही.

टिकते किती

ओएलईडीवर एकच चित्र एकाच जागी तासन् तास राहिले, तर तिथले ठिपके लवकर झिजतात आणि त्याचा कायमचा डाग उरतो. मराठी वृत्तवाहिन्यांची मांडणी पाहिली, तर ही चिंता वायफळ वाटत नाही : खाली लाल पट्टी, कोपऱ्यात बोधचिन्ह, वर ‘ब्रेकिंग’, दिवसभर जागच्या जागी. क्रिकेटचा धावफलक त्यातलाच.

कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचणी संस्थेने 2022 च्या अखेरीस 100 टीव्ही घेऊन त्यांवर रोज कित्येक तास वृत्तवाहिनी चालवली. ओएलईडींवर डाग पडले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित हे, की कडेने दिवे लावलेले कित्येक पातळ एलसीडीही बिघडले. आतल्या प्रकाशवाहक प्लेट तडकल्या, थर वाकले, पडद्यावर काळे-पांढरे ठिगळ दिसू लागले. ओएलईडीचे विरोधक पहिला निष्कर्ष उद्धृत करतात, समर्थक दुसरा. घरी टीव्ही सहसा असा चालत नाही, त्यामुळे ही चाचणी घरगुती वर्षांत कशी रूपांतरित करायची यावर एकमत नाही. आपल्याकडची दमट हवा आणि खालीवर होणारे व्होल्टेज तर तिच्या हिशेबात धरलेलेच नाही.

दुरुस्तीचा हिशेब वेगळा. साध्या एलईडीची बॅकलाइट गेली, तर तालुक्याच्या ठिकाणचा कारागीर मागच्या पट्ट्या बदलून तो पुन्हा उभा करतो. ओएलईडीचे पॅनल गेले, की बदलणे नव्या संचाच्या किमतीजवळ जाते. दर्जाच्या तुलनेत हा रकाना सहसा नसतो. माझ्या मते तो असायला हवा, कारण पाचव्या वर्षी चित्र कसे दिसते हाही दर्जाच.

अजून न सुटलेले

2025 मध्ये हायसेन्सने 116 इंची आणि सॅमसंगने 115 इंची असे संच आणले, ज्यांत मागचे दिवे पांढरे किंवा निळे नसून लाल, हिरवे आणि निळे असे स्वतंत्र आहेत. रंगांची व्याप्ती त्यांत ओएलईडीच्याही पुढे जाते, असा उत्पादकांचा दावा आहे. काळ्याची जुनी अडचण मात्र तिथेही आहे, आणि शेजारच्या दोन रंगांचा उजेड एकमेकांत मिसळण्याची नवी आली आहे. ओएलईडीचा काळा आणि एलईडीचे तेज एकत्र देणारा मायक्रो-एलईडी कित्येक वर्षे दाखवला जातो आहे, पण किमतीमुळे सर्वसामान्य घरापर्यंत आलेला नाही.

मोजमापाचा प्रश्नही तसाच आहे. कमाल तेज पडद्याच्या किती भागावर आणि किती सेकंदांसाठी मोजायचे, हे प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवतो. पंधरा-वीस हजारांच्या 300 निटच्या संचावरही ‘एचडीआर’ छापता येते, कारण तो संकेत स्वीकारतो एवढेच त्या शब्दाने सांगितले जाते, दाखवतो किती हे नाही. उजेडातले प्रमाण खोक्यावर छापणे कोणालाही बंधनकारक नाही. वीज किती लागते ते ताऱ्यांच्या लेबलवरून कळते. दुपारी दार उघडे असताना काळा किती काळा राहील, हे पौडच्या दुकानात आज तरी कोणत्याच खोक्यावर वाचायला मिळत नाही. आणि दुकानातले सगळे संच ‘व्हिव्हिड’वर, म्हणजे सर्वांत भडक चित्राच्या मोडवर, लावलेले असतात.